मातीची बाकी

मृगाच्या सरी पडून काळ्या जमिनीला वाफसा आला, की बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे या गावी, आणि घाटाखालच्या त्याच्यासारख्या असंख्य गावी, कपाशीची लावण सुरू होते; आणि सरकीचे पाकीट फोडून शेतकरी ते बी मातीत टोबतो, तेव्हा त्याच्या ध्यानात असो वा नसो, तो एका जगद्व्यापी व्यवहाराचा पहिला आणि सर्वांत दुर्बळ पक्षकार होतो. बी एका कंपनीचे, खत दुसरीचे, औषध तिसरीचे. पीककर्ज बँकेचे किंवा सोसायटीचे, आणि त्यातूनही जे उणे पडले ते कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली, की तोच कापूस गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीच्या काट्यावरून जिनिंगमध्ये, तेथून गाठी बांधून सूतगिरणीत, आणि सुताचे कापड व कापडाचा कपडा होत होत एखाद्या दूरच्या शहरातल्या दुकानी जाऊन पोहोचतो. या लांबलचक वाटेवर मुक्कामागणिक एक वही असते, आणि दलाली, हमाली, वाहतूक, व्याज, वीज, जाहिरात यांपैकी एक पैही त्या वह्यांतून निसटत नाही. निसटते ते पहिल्या मुक्कामावरचे. जिनिंगच्या यंत्राची झीज घसारा म्हणून दरसाल खर्ची पडते. परंतु ज्या जमिनीवाचून त्या यंत्राला काही कामच उरले नसते तिची झीज, विहिरीतून कायमचे खाली गेलेले पाणी, फवारणी करणाऱ्याच्या अंगात भिनलेले विष आणि वेचणी करणाऱ्या बाईच्या कंबरेची दुखापत यांना कोणत्याच वहीत रकाना नाही.

भांडवलशाही नीतिमान आणि निसर्गाला पेलणारी कशी करता येईल, या प्रश्नाची चर्चा अलीकडे मोठमोठ्या सभागृहांतून होत असते, आणि तिच्यात सद्भावनेचा उल्लेख वारंवार येतो. सद्भावनेचे मोल मी कमी लेखीत नाही. पण मला हा प्रश्न मुळात हिशेबाचा वाटतो. माती, पाणी आणि श्रम यांच्याकडून भांडवलाने जे उसने घेतले आहे, ते कर्ज म्हणून वहीत चढले पाहिजे, आणि ते फेडणे ऋणकोच्या मर्जीवर राहता कामा नये. कारण मर्जीने दिलेली रक्कम ही परतफेड नसते, तो दानधर्म असतो. वऱ्हाडच्या कापसाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला, तर हे म्हणणे अधिक स्पष्ट होईल.

१८५३ साली निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८६१ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाचे भाव असे चढले, की मुंबईत त्या पैशावर सट्ट्याचे मनोरे उभे राहिले. १८६५ साली युद्ध संपताच ते कोसळले आणि अनेक पेढ्या एका हंगामात बुडाल्या. पण मुंबईची पेढी बुडाली तरी वऱ्हाडातली व्यवस्था आता बदलून गेली होती. मलकापूर, जलंब, शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. कापसाच्या प्रतवारीवर व व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी खास आयुक्ताचा हुद्दा निर्माण झाला. आणि १८७० साली जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत नेलेल्या रेल्वे-फाट्याचे उद्घाटन करण्यासाठी प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला. आठ-दहा मैलांच्या फाट्यासाठी साम्राज्याचा हिंदुस्थानातील सर्वोच्च अधिकारी इतक्या दूर येतो, यावरून त्या गाठींची किंमत कळते. लिव्हरपूलच्या बाजारात आमचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्या काळच्या सरकारी अहवालांत वऱ्हाडच्या भरभराटीचे वर्णन आढळते, आणि निर्यातीचे आकडे पाहता ते खोटेही म्हणता येत नाही. मात्र ही भरभराट कशातून आली? चराईची कुरणे नांगराखाली गेली, डोंगरउतारांवरील झाडोरा तुटला, आणि ज्वारीच्या वावरात कपाशी शिरली. पूर्वी गावोगावच्या पेवांत एका-दोन वर्षांचे धान्य राखलेले असे. रोख सारा आणि सावकाराचे व्याज भागवण्यासाठी नगदी पीक घ्यावे लागल्यावर ती पेवे रिकामी होत गेली. मग १८९९ चा पाऊस दगा देऊन गेला, आणि पुढच्या वर्षभरात जो दुष्काळ पडला त्यात वऱ्हाडात माणसे आणि गुरे यांचा भयंकर संहार झाला. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कापसाची वाढ आणि दुष्काळाची तीव्रता यांचा संबंध तपशीलवार दाखवला आहे. कापूस हे पीक दोषी नव्हते. दोष होता तो ज्या व्यवहारात नफा लिव्हरपुलास आणि जोखीम वऱ्हाडास अशी कायमची वाटणी ठरून गेली होती, त्या व्यवहाराचा.

ही वाटणी पुढच्या शतकात नष्ट झाली नाही. तिचे पक्षकार बदलले. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारने १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली आणि व्यापाऱ्याच्या जागी सरकार उभे केले. तिने काही वर्षे शेतकऱ्यास भावाचा आधार दिला, पण विलंबाने होणारी चुकवणी, प्रतवारीतले वाद आणि वाढता तोटा यांनी ती खंगत गेली. २००२ साली बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि दहा-बारा वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीक्षेत्र या वाणांखाली आले. आरंभी फवारण्या कमी झाल्या, उत्पन्नही वाढले. पण एकाच उपायावर एवढे विस्तीर्ण क्षेत्र विसंबून राहिले, ‘फरदड’, म्हणजे त्याच झाडांचे दुसरे पीक, घेण्यासाठी पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत शेतात उभी राहिली, आणि गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांतल्या विषाशी जुळवून घेतले. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील बोंडेच्या बोंडे आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. माणसाच्या उंचीची दाट पऱ्हाटी, चेहऱ्यावर येणारा फवारा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याचा सल्ला: या चार गोष्टी एकत्र आल्या, की अपघात हा शब्द अपुरा पडतो. औषधाच्या डब्याच्या किमतीत कारखान्याचा खर्च होता, विक्रेत्याचे कमिशन होते, जाहिरात होती. फवारणाऱ्याच्या जिवाची तजवीज तेवढी नव्हती.

या हिशेबाविषयी विदर्भाच्याच भूमीवर फार पूर्वी मूलगामी विचार झाला होता, हे आज विस्मरणात गेले आहे. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जमनालाल बजाज यांनी आपली बाग व बंगला त्याच्या स्वाधीन केला, तीच मगनवाडी. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबशास्त्र शिकून मुंबईत लेखापरीक्षकाचा व्यवसाय केलेले गृहस्थ होते. दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्या माणसाला कारखानदारी युगाच्या वहीतली मोठी चूक दिसावी, हे मला स्वाभाविक वाटते. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. निसर्गातील काही संपत्ती वापराने संपणारी आहे, जशी कोळसा, खनिज तेल, धातू. आणि काही पुनःपुन्हा निर्माण होणारी आहे, जसे वाहते पाणी, अरण्य, पीक. पहिलीवर उभारलेला संसार क्षणभंगुर आणि बहुधा हिंसक, दुसरीवर उभारलेला चिरस्थायी. आणि दुसरीदेखील तिच्या पुनर्निर्मितीच्या वेगापेक्षा अधिक उपसली, तर पहिलीच्याच गतीला जाते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. पर्यावरण हा शब्द लोकांच्या तोंडी नव्हता, तेव्हा एक हिशेबनीस वर्ध्याला बसून हे सांगत होता.

गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचेही असेच झाले आहे. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजावी, एवढाच तिचा अर्थ सांगितला जातो, आणि मग ती कल्पना भोळसट ठरवून बाजूला सारली जाते. वास्तविक विश्वस्तवृत्तीचा एक लेखी मसुदा आहे. तो किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी परीख यांनी सिद्ध केला, अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांनी त्याला आकार दिला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या केल्या, आणि १९५२ साली तो ‘हरिजन’मध्ये छापला गेला. त्यांपैकी मश्रूवाला हे अकोल्याशी घनिष्ठ संबंध असलेल्या व्यापारी कुटुंबातले. व्यापाराची नीती-अनीती त्यांना पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. या मसुद्यात खासगी मालकीचा हक्क समाज आपल्या हितासाठी जितका मान्य करील तितकाच मानला आहे. किमान निर्वाह-वेतनाप्रमाणेच कमाल उत्पन्नाचीही मर्यादा सुचवली आहे. उत्पादन काय व्हावे हे लोभाने नव्हे, तर सामाजिक गरजेने ठरावे असे म्हटले आहे. आणि मालकी व संपत्तीचा विनियोग यांवर कायद्याने नियंत्रण आणण्यास ही कल्पना प्रतिकूल नाही, असे स्पष्ट नमूद केले आहे. म्हणजे सदसद्विवेक आणि कायदा यांत विरोध आहे, असे या मंडळींना वाटत नव्हते. विवेकाने आरंभ करावा आणि कायद्याने तो टिकवावा, अशीच त्यांची धारणा दिसते.

याचे व्यवहारातले उदाहरणही कापसातलेच आहे. १९३५ साली अखिल भारत चरखा संघापुढे गांधीजींनी आग्रह धरला, की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. त्या वेळी तिच्या पदरात जे पडे, ते आण्याच्या हिशेबाने मोजणेही अवघड होते. आठ आण्यांपर्यंत संघ पोहोचू शकला नाही. पण निर्वाह-वेतनाचे तत्त्व त्याने स्वीकारले, मजुरी वाढवली, आणि त्यामुळे खादी महाग झाली. खप घटेल ही भीती पुष्कळांनी बोलून दाखवली, ती अगदीच निराधार नव्हती. याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा सूतकताईच्या मजुरीवर स्वतः जगून पाहत होते. त्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, याची परीक्षा त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपवली नाही. आजच्या कोणत्याही कंपनीच्या नीतिविषयक अहवालापेक्षा मला ही कसोटी श्रेष्ठ वाटते.

आता वर्तमानाकडे यावे. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले, की मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च झाली पाहिजे. ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीस हे कलम लागू होते. या निधीतून शाळा, दवाखाने, बंधारे झाले, आणि ते उपयुक्त आहेत. पण हे कलम मिळालेल्या नफ्यातले किती वाटले एवढेच विचारते. तो नफा कोणत्या मार्गाने आला, हे विचारीत नाही. नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना त्याच नदीच्या काठी बाग लावून या कलमातून सन्मानाने मोकळा होऊ शकतो. त्यामानाने त्याच कायद्याचे १६६ वे कलम अधिक खोल जाणारे आहे. संचालकांनी भागधारकांच्या हिताबरोबरच कामगार, समाज आणि पर्यावरणाचे रक्षण यांकडे लक्ष देऊन सचोटीने कारभार करावा, असे ते सांगते. पहिल्या कलमाचा बोलबाला झाला, दुसऱ्याचा झाला नाही. शिवाय २०२२-२३ पासून शेअरबाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना पाणी, ऊर्जा, उत्सर्जन, कचरा आणि कामगार यांविषयीचा अहवाल दरसाल प्रसिद्ध करणे सक्तीचे केले आहे. वहीत रकाना उघडण्याची ही सुरुवात आहे, आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. मात्र तो रकाना कारखान्याच्या फाटकाशी थांबू नये, धामणगाव बढ्याच्या शिवारापर्यंत यावा.

शिवारापर्यंत येण्याचा प्रयत्न ज्या योजनांनी केला, त्यांचे अनुभव मोठे उद्बोधक आहेत. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या जागतिक संस्थांनी २००५ च्या सुमारास कापड-व्यापाऱ्यांशी बोलणी सुरू केली, आणि त्यातून २००९ साली ‘बेटर कॉटन’ ही संस्था उभी राहिली. २०१०-११ च्या तिच्या पहिल्या हंगामात भारत होता. शेतकऱ्यांचे गट करावे, त्यांना पाणी, माती व औषधांच्या मात्रेविषयी शिक्षण द्यावे, बालमजुरी टाळावी, आणि असा कापूस घेण्याचे मोठ्या कपडेविक्रेत्यांनी वचन द्यावे, ही तिची रीत. विदर्भात या गटांतून अनेक शेतकऱ्यांनी औषधाची नासधूस थांबवली, कामगंध सापळे लावले, खर्च कमी केला. हा लाभ खरा आहे. पण या पद्धतीत दोन वैगुण्ये होती. कपड्यावर चिन्ह असले, तरी त्या कपड्यातला कापूस त्याच शेतकऱ्याचा असेल याची हमी नव्हती. विक्रेता विकत घेत असे ते कापसाच्या वजनाइतके श्रेय, आणि कापूस वाटेत इतर कापसात मिसळून जाई. उगमापर्यंत माग काढण्याची सोय २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. दुसरे वैगुण्य त्याहून गंभीर: चांगली शेती केल्याबद्दल शेतकऱ्यास अधिक भाव मिळेलच, असे बंधन त्यात नाही. ‘फेअरट्रेड’ पद्धतीत किमान किंमत आणि गटासाठी वेगळी रक्कम ठरलेली असते, पण तिचा प्रसार फार मर्यादित राहिला.

सेंद्रिय कापसाची गोष्ट याहून दुःखद आहे. रसायनांचा त्याग करून शेती करणाऱ्याला दोन-तीन वर्षे उत्पन्नात घट सोसावी लागते. त्या घटीचा भार त्याने एकट्याने वाहावा आणि शहरातल्या ग्राहकाने शुद्ध वस्त्र ल्यावे, ही व्यवस्था मुळातच लंगडी. त्यात २०२० साली सेंद्रिय कापडाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणन पाहणाऱ्या संस्थेला असे आढळले, की भारतात सुमारे २० हजार टन कापसासाठी बनावट दाखले वापरले गेले. ज्याने प्रामाणिकपणे शेणखत ओढले, जीवामृत कालवले, अळ्या हातांनी वेचल्या, त्याच्या कापसाशेजारी खोट्या दाखल्याची गाठ येऊन बसली आणि त्याच्याच भावाने विकली गेली. यवतमाळ जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी दीर्घकाळ केलेल्या नैसर्गिक शेतीला २०२५ साली पद्मश्रीचा मान मिळाला. पण मानापलीकडे बाजाराने अशा शेतकऱ्याला काय दिले, हे विचारल्याशिवाय समाधान मानता येत नाही. नीती ज्या बाजारात केवळ कागदावर विकली जाते, तेथे कागद तयार करणाराच अधिक कमावतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की माती, पाणी आणि श्रम यांचा पुरता खर्च किमतीत धरला, तर कपडा गरिबाच्या आवाक्याबाहेर जाईल. हा आक्षेप आकड्यांनी तपासता येतो. एका साध्या बनियनवजा सदऱ्याला, गिरणीतली घट धरून, सुमारे २०० ग्रॅम रुई लागते असे समजू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी. म्हणजे त्या सदऱ्यासाठी सुमारे ६०० ग्रॅम कापूस लागला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये ठरला होता. त्या भावाने या कापसाची किंमत होते अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास रुपये, आणि त्यातून निघालेल्या सरकीचे पैसे वेगळेच. आता मातीची मशागत, शेणखत, बांधबंदिस्ती आणि वेचणीची वाढीव मजुरी यांसाठी शेतकऱ्याला चौथाई अधिक द्यायचे ठरवले, तरी वाढ होते बारा रुपयांची. पाचशे-सातशे रुपयांना विकल्या जाणाऱ्या सदऱ्यावर बारा रुपये! गरिबाच्या नावाने केला जाणारा हा आक्षेप गरिबाला वाचवीत नाही. तो मधल्या प्रत्येक मुक्कामावरचा नफा जसाच्या तसा राखून, काटकसरीचा सगळा भार पहिल्या मुक्कामावर ढकलतो. आणि हमीभाव तरी किती जणांच्या पदरी पडतो? सरकारी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्यापुढे नकार. पावसात सापडलेला पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन ज्याला उधारी फेडायची आहे, तो खेडा खरेदीच्या काट्याकडेच वळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरील ११ टक्के जकात त्या वर्षाअखेरपर्यंत उठवण्यात आली, तेव्हा गिरण्यांची अडचण ऐकून घेणारे कान होते. तेच कान हंगामाच्या तोंडी शेतकऱ्यालाही मिळावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात अशी काही उदाहरणे घडली आहेत, की ज्यांत नफा आणि लोकहित यांचे खाते एकच झाले. राष्ट्रीय महामार्गांची कामे चालू असताना भरावासाठी लागणारी माती व मुरूम टेकड्या फोडून आणण्याऐवजी गावतळी, नाले आणि नद्या खोल करून काढावा, अशी पद्धत बुलढाणा जिल्ह्यात अवलंबण्यात आली, आणि ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर सांगितली गेली. ठेकेदाराला मुरूम मिळाला, आणि सरकारी आकडेवारीनुसार ५० लाख घनमीटरांहून अधिक साठवणक्षमता सरकारचा वेगळा खर्च न होता निर्माण झाली. कुदळीच्या एकाच घावात रस्ता आणि पाणी. भारतीय जैन संघटनेने २०१८ साली जिल्ह्यात यंत्रे पुरवून जलसंधारणाची जी मोहीम काढली, तिचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. तथापि या पद्धतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ठेकेदाराला हवा असतो मुरूम. शेतकऱ्याला हवा असतो वरचा गाळ. आणि तळ्याला हवे असते ते आपल्या तळाचे शाबूत राहणे. या तिघांचे हित एका रेषेत आणायचे, तर किती खोल खणायचे आणि गाळ कोणाच्या वावरात पडायचा, हे ठरवणारा जाणता माणूस काठावर उभा असला पाहिजे आणि त्याचा शब्द ठेकेदारावर बंधनकारक असला पाहिजे. तो नसेल, तर हीच पद्धत गौण खनिजाच्या लुटीचा परवाना ठरेल.

दुसरे उदाहरण पतपुरवठ्याचे. १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी बुलढाण्यात सुरू केलेली बुलढाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था आज राज्याबाहेरही पसरली आहे. तिच्या कामातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे गोदामे आणि त्यांतील मालाच्या तारणावर दिले जाणारे कर्ज. हंगामाच्या तोंडी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो, आणि नड असलेला शेतकरी पडत्या भावाने माल विकून मोकळा होतो. दोन-तीन महिन्यांनी भाव चढतो तो साठवणाऱ्याच्या फायद्यासाठी. मालाच्या पावतीवर शेतकऱ्याला पैसा मिळाला, की थांबण्याची शक्ती त्याच्या हाती येते, आणि थांबण्याची शक्ती हेच तर भांडवलाचे खरे सामर्थ्य आहे. हे सामर्थ्य ज्याच्याकडे नाही, त्याला कोणताही बाजार न्याय देऊ शकत नाही, मग त्या बाजाराचे नियम कितीही सोवळे असोत.

म्हणूनच संघटित उत्पादक हा या सगळ्या प्रश्नाचा कणा आहे, असे माझे मत बनले आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचा प्रकार आला: दहा किंवा अधिक शेतकऱ्यांनी एकत्र यावे, भागभांडवल कितीही असो प्रत्येकाला एकच मत असावे, आणि नफा मालाच्या प्रमाणात वाटला जावा. सहकाराचा आत्मा आणि कंपनीचे शरीर, अशी ही रचना आहे. विदर्भात अशा पुष्कळ कंपन्या कागदावर आहेत आणि थोड्या प्रत्यक्षात चालतात. कारण त्यांना खेळते भांडवल मिळत नाही, चालवणारा प्रशिक्षित माणूस टिकत नाही, आणि गावच्या पुढाऱ्याला तिथेही खुर्ची हवी असते. पण जेथे ती नीट चालते तेथे बियाणे एकत्र घेतले जाते, कापूस गावातच स्वच्छ वेचून आणि वेगळा राखून एकगठ्ठा जिनिंगला दिला जातो, आणि कपाशीत तुरीचे तास, बांधावर झाड व शेतात पऱ्हाटीचे खत यांसारख्या गोष्टी एकट्याचे वेड न राहता गटाची शिस्त होतात. मातीची नोंद ठेवायची, तर तीही येथेच ठेवता येईल: दर तीन वर्षांनी प्रत्येक वावरातल्या सेंद्रिय कर्बाची तपासणी, विहिरींची पातळी, फवारण्यांची संख्या. जर्मनीत २०२३ पासून अमलात आलेला पुरवठासाखळीचा कायदा आणि २०२४ चा युरोपीय संघाचा त्याच स्वरूपाचा निर्देश, तो पुढे सौम्य करण्याचे प्रयत्न झाले तरी, परदेशी व्यापाऱ्याला हीच माहिती मागायला लावीत आहेत. ती माहिती परक्या तपासनिसाने दोन तासांच्या भेटीत लिहून नेण्यापेक्षा गावाच्या दप्तरी असावी आणि गावाने ती किंमत घेऊन द्यावी.

या दप्तरात एक नोंद मात्र शेतकऱ्याच्या विरुद्धही जाईल, आणि ती टाळता येणार नाही. कापूस वेचतात त्या बहुतेक बाया, आणि त्यांपैकी पुष्कळ भूमिहीन. किलोमागे ठरलेल्या मजुरीवर सकाळपासून कंबरेला ओटी बांधून त्या वाकलेल्या असतात. वजनाच्या काट्यावर मालक आणि मजूर यांची जी घासाघीस होते, तिचा उल्लेख कोणत्याही चिन्हांकित सदऱ्याच्या पट्टीवर नसतो. शेतकऱ्याला भाव वाढवून मिळाला, तर त्यातला वाटा वेचणीपर्यंत झिरपेल, असे गृहीत धरून चालणे म्हणजे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचेच तर्कशास्त्र आपल्या बांधावर वापरणे होय. उत्पादक कंपनीच्या घटनेत वेचणीचा किमान दर लिहिलेला असावा, तो कापसाच्या विक्री-दराशी बांधलेला असावा, वजन दोघांच्या समक्ष व्हावे, आणि वेचणाऱ्या बायांपैकी दोघी-तिघी संचालक मंडळाच्या बैठकीत मताच्या अधिकारानिशी बसाव्या. कायद्यात उत्पादक या शब्दाची व्याख्या बरीच विस्तृत आहे. वेचणी हा उत्पादनाचाच भाग आहे असे मानून गावाने ही वाट चोखाळावी, आणि अडथळा आला तर राज्य शासनाकडे ती व्याख्या स्पष्ट करून मागावी. धामणगाव बढे येथे येत्या हंगामापूर्वी पाच-पंचवीस शेतकरी आणि तितक्याच वेचणाऱ्या बाया एका मांडवाखाली बसून हा दर ठरवू शकतात. त्यासाठी मुंबईच्या शेअरबाजाराची किंवा ब्रुसेल्सच्या निर्देशाची वाट पाहण्याचे कारण नाही.